वरच्या खाणीत काय नाय

भाई लाडांनी तिसऱ्यांदा सोलकढीचा आग्रह केला, तेव्हा माझी खात्री पटली की हा माणूस काहीतरी लपवतोय.

"घ्या ओ मॅडम. घरच्या कोकमांची आहे. घाट उतरून आलात, पोटाला बरं वाटेल."

"आधी खाण बघू या," मी म्हटलं.

"खाण काय पळून जातेय?"

माझा स्वभावच संशयी. आमचे हे म्हणतात, हिला कुणी अमृत दिलं तरी ही आधी भांड्याला कल्हई आहे का बघेल. म्हणू देत. कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मी खरेदी विभाग सांभाळत होते, आणि खरेदीत भोळं माणूस टिकत नाही. आम्ही पंपांची बिडाची आवरणं ओतायचो. ओतकामाच्या साच्यांना सिलिकाची वाळू लागते. ती आमच्याकडे वर्षानुवर्षं सिंधुदुर्गातल्या आंबेखोलहून, भाई लाडांच्या खाणीतून यायची. ती कोण खणतं, कशी खणतं, हे कुणी विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

त्या वर्षी आमच्या जर्मन गिऱ्हाइकानं विचारलं. वाळू नेमकी कुठून येते, खाणीला परवाना आहे का, माणसं कुठल्या परिस्थितीत काम करतात, कुणाला इजा झाली का. स्वतः जाऊन बघा आणि कळवा, नाहीतर ऑर्डर नाही. आमचे मालक घाटगेसाहेब वैतागले होते. "यांना पंप घ्यायचाय की वाळूशी सोयरीक जमवायचीय?" पण ऑर्डर मोठी होती. "उपाध्येबाई, तुम्हीच जा. चार फोटो काढा, सह्या घ्या आणि या परत."

तर मार्च महिन्यातल्या त्या उन्हात मी भाई लाडांच्या मागून खाणीत उतरले. पन्नाशीचा गोरा, हसरा माणूस. पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी. बोलणं इतकं गोड की मला दर वाक्याला वाटायचं, हे उलटं करून बघावं.

बघण्यासारखं सगळं होतंच तिथं. प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि निम्म्या हेल्मेटांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. वाळू धुण्याच्या जागी पंधरा-वीस बायका तोंडाला मास्क लावून उभ्या. मास्कच्या घड्या तशाच. प्यायच्या पाण्याची टाकी नवीकोरी, तिच्या नळाला अजून पाणीच लागलेलं नव्हतं.

मी एका बाईला विचारलं, "किती वर्षं काम करताय?"

"आमका मास्क गावता, पाणी गावता, सुट्टी गावता," ती म्हणाली.

"ते नाही विचारलं मी. वर्षं किती झाली?"

ती गोंधळून भाईंकडे बघायला लागली. भाई हसले. "साधी माणसं ओ. बाहेरच्यांशी बोलायला लाजतात."

मी म्हटलं, हो, फारच लाजतात.

पण हेल्मेटं विकत आणून घालणं हा काही गुन्हा नाही. उलट घातली हे चांगलंच. मला खरं खुपत होतं ते वेगळंच. मी चिमूटभर वाळू तळहातावर घेतली. पांढरीशुभ्र, पिठासारखी. आमच्याकडे याआधी यायची ती वाळू तांबूस असायची. साच्याला फरक पडत नव्हता, म्हणून कुणी बोललं नाही. पण गेल्या दिवाळीनंतर एकदम ती पांढरी यायला लागली होती, हे माझ्या लक्षात होतं.

"भाई, तांबूस वाळू कुठली होती?"

"तांबूस?" त्यांचं हसू जरा मागे सरलं. "ती वरच्या थराची. तो थर संपला."

"याच खाणीतला थर?"

"मग? परवाना एकच, खाण एकच."

मी कडेनं वर बघितलं. खड्ड्याच्या चारी भिंती वरपासून खालपर्यंत पांढऱ्या. तांबूस रंगाची रेघसुद्धा नाही. आणि मागच्या बाजूला डोंगराकडे चढणारा ट्रक जाईल एवढा रस्ता, त्याच्या तोंडाशी करवंदीच्या जाळ्या तोडून आडव्या टाकलेल्या. जाळ्या वाळून कडक झालेल्या होत्या. पलीकडे रस्त्यावर गवत उगवलं होतं.

"तिकडं काय आहे?"

"वर काय नाय," भाई म्हणाले.

मग मी ज्याला-ज्याला विचारलं, त्यानं तेच सांगितलं. पोकलेनवाला म्हणाला, वर काय नाय. चाळणीवरची म्हातारी म्हणाली, वर काय नाय गो बाय. सगळ्यांचे शब्द सारखे, सूर सारखा. मी मनात म्हटलं, सापडलं. वर दुसरी खाण आहे, बिनपरवान्याची, आणि आम्ही इतकी वर्षं तिथलीच चोरीची वाळू घेत होतो. मला, खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं. संशयी माणसाला त्याचा संशय खरा ठरण्यासारखं सुख नाही.

तेवढ्यात धुण्याच्या जागेवरून एक बाई सरळ माझ्याकडे आली. बाकीच्या बायका तिथल्याच, ही लमाणी. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, घागऱ्यावर आरसे, त्यावरून मापानं मोठा असलेला पुरुषी शर्ट.

"बाई, तू कोल्लापूरची?"

"हो."

"तिकडं थावरू राठोड बघितला काय? उंच हाय. हातात चांदीचं कडं हाय. माझा माणूस हाय."

"कोल्हापूर मोठं आहे बाई. कधीपासून नाही?"

"दिवाळीच्या आधी. सकाळी कामाला गेला. आला नाही." ती भाईंकडे न बघता बोलत होती. "हे समदे म्हणतात, गोव्याला पळाला, दुसरी बाई घेऊन. विजापूरकडं आमचा तांडा हाय. सासू म्हणती, माझा पोरगा तुझ्या पायी पळाला, तू दारात येऊ नको. माझी पोरगी ठेवून घेतली तिनं. तो घावल्याशिवाय पोरगी देत नाही."

"सक्रीबाय, जा, काम कर," भाई मायेनं म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी आवाज खाली घेतला. "प्रत्येक पाहुण्याला विचारते बिचारी. नवरा स्वयंपाकाच्या बाईला घेऊन गेला. मी तिला कामावरून काढली नाही. माणुसकी म्हणून."

मी मान हलवली.

आज विचार केला की मला माझंच नवल वाटतं. वाळूच्या रंगावर संशय घेणारी, टाकीच्या नळावर संशय घेणारी मी. पण नवरा बायकोला टाकून पळाला म्हटल्यावर मला एका क्षणात पटलं. पुरुष असे पळतात, यावर संशय घ्यायला आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. उलट मला वाटून गेलं की ही बाई भाईंनीच माझ्यासमोर सोडली असेल, वरच्या रस्त्यावरून माझं लक्ष उडावं म्हणून.

जेवणाआधी भाई म्हणाले, "मॅडम, राखणदाराला नारळ ठेवू, मग सह्यांचं बघू."

खाणीच्या काठावर एक जुना ऐनाचा वृक्ष होता. त्याच्या बुंध्याशी शेंदूर न लावलेला उभा दगड. तो तिथला राखणदार. त्या जमिनीचा मालक तो, भाई नुसते खणणारे, असं तिथं मानतात. त्याच्यापुढे नारळ ठेवायचा आणि देवाशी बोलायचा मान असलेल्या गावच्या घाडीनं सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे काय मागायचं ते मोठ्यानं मागायचं. दर मागणीला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा. यापलीकडे मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

घाडी म्हणजे तात्या घाडी, सत्तरीचा काटकुळा माणूस. सकाळपासून तो लांब दगडावर पान चघळत बसला होता. मला तो भाईंचा माणूस वाटला होता, माझ्यावर नजर ठेवायला बसवलेला. सगळे कामगार हेल्मेटं काढून झाडाखाली जमायला लागले तसे भाई त्याच्याजवळ गेले. मी बुटातला खडा काढायच्या निमित्तानं मागेच थांबले.

"तात्या, आखूड कर हां."

"आखूड-लांब माझ्या हातात नाय, भाई. दिवाळेपासून तू हय नारळ ठेवूक दिलंस नाय. आज ठेवतंस, तर सगळा सांगूक व्हया."

"पावण्यांपुरता सांग. बाकीचा मागसून बघू."

"मगे नारळ तूच ठेव, गाऱ्हाणा तूच घाल."

भाईंनी कामगारांकडे बघून घाम पुसला. पुढं मला कळलं की नारळाचा हट्ट कामगारांचाच होता. पंप दोनदा बंद पडला, एकाचा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला, आणि आता बाहेरची बाई तपासायला आली. राखणदाराला सांगितल्याशिवाय आम्ही उद्यापासून खाणीत उतरणार नाही, असं त्यांनी भाईंना बजावलं होतं. आणि खरं सांगायचं तर भाईंनाही नारळाशिवाय माझ्या कागदांवर सह्या करायचं धैर्य नव्हतं.

तात्या दगडापुढे उभा राहिला. टोपी नीट केली. आणि त्या काटकुळ्या देहातून असा खणखणीत आवाज निघाला की मी दचकले.

"बा देवा म्हाराजा, आंबेखोलच्या राखणदारा, बारा-पाचाच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या ह्या ठिकाणार कोल्हापुरासून पावणे इले असत. तेंच्या येण्याजाण्यात काय वाकडा-नाकडा असात, तां दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या भाई लाडाच्या कामार कोणाची वायट नजर असात, कोणाचो खोटो पाय लागलो असात, तो आल्या वाटेन परत धाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खोटा पाय म्हणजे बहुधा माझाच, असं मला वाटलं आणि हसू आलं. भाई नारळ फोडायला वाकले. पण तात्यानं हात आडवा केला.

"आणि म्हाराजा, ह्या लेकरांकडसून जां काय चुकला असात, तां आज तुझ्या कानार घालतंय. दिवाळेच्या आदी वरच्या खाणीत दरड इली. तो परमुलखातलो थावरू मातयेखाली गेलो. तेका कोणी भायर काढल्यान नाय. तुझ्या भुयेत तो तसोच असा. तेचो दोष ह्या लेकरांवर ठेव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. सवयीनं, एका आवाजात. चाळणीवरची म्हातारी म्हणाली, पोकलेनवाला म्हणाला. आणि बायकांच्या मागच्या रांगेत सक्रीबाई म्हणाली. दरवेळी सगळ्यांबरोबर म्हणायचं असतं, तशी तीही म्हणाली. मी तिचं तोंड बघत होते. शब्द तोंडातून निघून गेला आणि मग तिला नाव ऐकू आल्याचं दिसलं.

भाईंच्या हातात नारळ तसाच.

"थावरूचं नाव का घेतलं?" तिनं शेजारणीला विचारलं. शेजारीण पायांकडे बघायला लागली. तिनं दुसरीला विचारलं. मग ती रांगेतून वाट काढत तात्यापुढे आली. "म्हाताऱ्या, थावरू कुठं हाय?"

"वर असा, बाय," तात्या म्हणाला. आता त्याचा आवाज नेहमीच्या म्हाताऱ्यासारखा झाला होता.

मी चोरीची वाळू शोधत होते.

"इतके महिने का नाही सांगितलंत हिला?" मी तात्याला जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"भाईन सगळ्यांक सांगितल्यान, खाण बंद पडात, चुली बंद पडतीत. माणसाक खोटा सांगाक येता, बाय. मीय सांगलंय. हय राखणदाराफुडे उभो रवान येणा नाय."

भाईंनी मला कोपराला धरून बाजूला घेतलं. तो गोडवा अजून होता, याची मला किळस आली. "मॅडम, गाऱ्हाण्यातलं बोलणं तुमच्या अहवालात नसतं हां. म्हातारा भ्रमिष्ट झालाय."

"कोपर सोडा," मी म्हटलं.

मी लांब जाऊन घाटगेसाहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही आत्ताच्या आत्ता निघा. पुरवठादार योग्य नाही, एवढं एक वाक्य लिहा. आपण दुसरीकडची वाळू घेऊ. आपले हात स्वच्छ."

"आणि तो माणूस?"

"ते पोलीस बघतील हो. आपलं काम वाळूचं."

तेवढ्यात मागे पोकलेनचं इंजिन सुरू झालं. भाई पोकलेनवाल्याच्या कानाशी लागले होते आणि यंत्राचं तोंड डोंगराच्या रस्त्याकडे वळत होतं. मी निघून गेले असते तर संध्याकाळपर्यंत वरची खाण सपाट झाली असती, दोन पावसांत तिच्यावर रान माजलं असतं आणि थावरू राठोड जन्मभर गोव्यातच राहिला असता. आमचे हात मात्र स्वच्छ.

"साहेब," मी म्हटलं, "मी इथं थांबतेय. अहवालात सगळं लिहीन. मला परत कुणी बोलावलं तेसुद्धा."

त्यांनी फोन ठेवला. मी पोलीस ठाण्याला लावला.

सक्रीबाई करवंदीच्या जाळ्या हातांनी ओढत होती. हात सोलवटले तरी थांबत नव्हती. मी पर्स बाजूला टाकली आणि दुसऱ्या टोकाला धरलं. वाट झाल्यावर आम्ही दोघी वर चढलो आणि पोकलेनच्या आधी पोचलो.

वरची खाण म्हणजे डोंगराच्या पोटात खालून पोखरलेली खोबण. वरचं छप्पर कोसळून तिचं तोंड तांबूस मातीनं बुजलं होतं. तीच आमची वाळू. तिच्यापुढे आम्ही दोघी खाली बसलो. पोकलेनवाल्यानं यंत्र आमच्यापर्यंत आणलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि इंजिन बंद करून खाली उतरला. मग भाईंनी कितीही हाका मारल्या तरी तो परत चढला नाही.

पोलीस ऊन कललं तेव्हा आले. तहसीलदार आले. पंचनामा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रानं माती उपसायचं ठरलं, तर सक्रीबाई पोकलेनच्या बादलीसमोर उभी राहिली. "माझ्या माणसाला लोखंडाचे दात लावू नको." तहसीलदारांनी समजावलं, दटावलं. ती हलेना. शेवटी तात्या घाडी पुढं झाला, त्यानं फावडं उचललं. मग एकेक करत बाकीचे आले. काल मला 'वर काय नाय' म्हणणारे तेच सगळे. पुरुषांनी वरचा लोंबता कडा आधी पाडून घेतला, मग हलक्या हातानं उकरायला लागले. बायकांनी घमेली धरून रांग केली.

भाईंना आदल्या दिवशीच नेलं होतं. ते पुढं जामिनावर सुटले, खटला बरीच वर्षं चालला. आमच्या गिऱ्हाइकानं मी पाठवलेला अहवाल वाचून ऑर्डर तोडली नाही. वाळू तिथूनच घ्या, पण वरची खोबण कायमची बंद करा आणि त्या बाईचं आधी बघा, असं कळवलं. घाटगेसाहेब नंतर चारचौघांत सांगायचे, आम्हीच शोधून काढलं. सांगोत बापडे.

त्या दुपारी तात्यानं हात वर केला. सगळे थांबले. तांबूस वाळूतून एक मनगट दिसत होतं आणि त्यात चांदीचं कडं.

वाळू कोरडी होती. तिनं त्याला बरंचसं तसंच ठेवलं होतं. मी बघू शकले नाही, तोंड फिरवलं आणि रडले. सक्रीबाईनं बघितलं. गुडघ्यावर बसून तिनं त्याच्या केसांतली वाळू बोटांनी काढली, कड्यावरची काढली. अंगातला मोठा शर्ट उतरवून त्याच्या छातीवर घातला. मग पोलिसांनी चादर आणली, ती तिनंच त्याच्या तोंडापर्यंत ओढली आणि उठली.

मला वाटलं, आता ही हंबरडा फोडेल. पण ती बायकांच्या रांगेकडे गेली. पहिलीसमोर उभी राहिली, अगदी जवळ.

"पळाला नव्हता," ती म्हणाली.

त्या बाईचं घमेलं हातातून सुटलं. सक्रीबाई दुसरीकडे गेली. "पळाला नव्हता." तिसरीकडे गेली. ओरडत नव्हती, शिव्या देत नव्हती. प्रत्येकीच्या डोळ्यांत बघून तेवढंच सांगत होती आणि तिनं ऐकलं याची खात्री झाली की पुढं सरकत होती. चाळणीवरच्या म्हातारीनं पदर तोंडात कोंबला. पोकलेनवाला रांगेच्या टोकाला उभा होता, त्यालाही तिनं सांगितलं. तात्यालाही सांगितलं.

शेवटी ती माझ्यापुढे आली. तिच्या पापण्यांवर तांबूस धूळ बसली होती.

"तांड्यावर तू चल माझ्यासंग," ती म्हणाली. "सासूला सांग. तू शिकलेली, तुझं ऐकंल. माझ्या पोरीला सांग, बाप पळाला नव्हता."

"सांगते," मी म्हटलं. "पळाला नव्हता."

"अजून एकदा म्हण."

मी अजून एकदा म्हटलं.